पंधरावं फाटक

दि. १० मार्च, कालव्यावरून

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं खुशाल आहोत, बोट मात्र अडकली आहे. दुकान मुलाच्या हाती देऊन मी ही जुनी बोट घेतली, तेव्हा तू म्हणालीस की शिंप्याने पाण्यात पडू नये. तरी अकरा दिवसांत कालव्यावरची चौदा फाटकं पार केली. बोट हौदात घ्यायची, पाणी चढवायचं, पुढचं दार उघडायचं, असा प्रकार असतो. वेग म्हणशील, तर काठावरून फिरायला निघालेल्या आजीबाई आम्हाला मागे टाकतात आणि परतताना पुन्हा भेटतात.

पंधरावं फाटक जुनं, अरुंद निघालं. बोट अर्धी आत, अर्धी बाहेर. चूक माझी. बाजूंना नव्या फळ्या ठोकताना मापाच्या वर दोन्हीकडे बोटभर लाकूड सोडलं. चाळीस वर्षं शिवणीला कापड सोडत आलो, हात ऐकतो कुठे? मागे सात बोटी खोळंबल्या. तुझ्या वहिनीने सगळ्यांना चहा दिला आणि माझा धंदाही सांगितला. तेव्हापासून ते हसताहेत.

फळ्या तासायला किती दिवस लागतील, सांगता येत नाही. वीस तारखेला तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन, आणि मी आल्याशिवाय तू तयार होणार नाहीस, म्हणून लगेच कळवतोय. उत्तर फाटकवाल्याच्या चौकीवर टाक.

तुझा,
दादा

दि. १३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

खोटं कशाला बोलू, पत्र वाचून बरं वाटलं. घाई करू नकोस. फळ्या नीट तास, रंगाचे दोन हात दे, वाळू दे. भाऊ कालव्यात अडकलाय, असं मी डॉक्टरांना कळवलं. ते म्हणाले, पहिल्यांदा ताप, दुसऱ्यांदा पाहुणे, आता कालवा. ही तारीख चुकली तर ते माझं नाव काढून टाकणार आहेत, आणि वर्षभरात गुडघा वाकायचा बंद होईल म्हणे.

दादा, भूल दिल्यावर मी उठलेच नाही तर? रात्रंदिवस हेच डोक्यात. तू बाहेर बाकावर बसलेला असलास तर जाईन. नसलास तर नाही.

लोभ आहेच, तो उणा होऊ देऊ नये.

तुझी,
बेबी

दि. १६ मार्च, कालव्यावरून

प्रिय बेबीवन्सं,
स. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या दादांना न सांगता लिहितेय. बोट बारा तारखेलाच सुटली. फाटकवाल्याने दोन्ही बाजूंना साबण चोळला, मागच्या बोटीवाल्यांनी ढकललं आणि पाच मिनिटांत आम्ही पलीकडे. तेव्हापासून बोट काठाला बांधून हे तासताहेत. आता फळ्यांतून उजेड दिसायला लागलाय.

काल खोदून विचारलं, तेव्हा म्हणाले, बेबीला आत नेताना मला बघवणार नाही. घरात धीराचे म्हणून नावाजलेले हे! एकाचा पाय निघेना आणि दुसरीचा गुडघा वाकेना, अशी तुम्हा भावंडांची गत. एकोणीसच्या सकाळी मी यांना स्वतः बसमध्ये बसवणार आहे. बोट मी सांभाळते. तरीही तुम्ही नाही म्हणालात, तर पुढच्या बसने मी येईन आणि ते तुम्हा दोघांना जड जाईल.

आमच्यावर माया आहे तशीच ठेवावी.

तुमची,
वहिनी

दि. २७ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

ऑपरेशन झालं. मला धीर द्यायला दादा माझा हात धरून स्ट्रेचरबरोबर चालत होता. दार उघडलं, आतले मोठे दिवे दिसले आणि तो जमिनीवर आडवा. नर्सने मला उतरवून त्याला स्ट्रेचरवर घातलं. मी लंगडत त्याच्याबरोबर आत गेले, तोंडावर पाणी मारलं, चार शब्द सुनावले. त्याने डोळे उघडले, तेव्हा लक्षात आलं की मी ऑपरेशनच्या खोलीतच उभी आहे. म्हटलं, आता आलेच आहे तर उरकून घ्या.

शुद्धीवर आले तेव्हा तो उशाशी होता, रडून डोळे सुजलेले. मला वाटायचं भीती माझी एकटीची आहे. ती माझ्या आधीपासून त्याच्याकडे होती, हे मला साठीत कळलं.

दुसऱ्या गुडघ्यासाठी मी पुढच्या महिन्याची तारीख घेतली आहे. दादाला अजून बोलले नाही. त्याच्यासाठी वेगळी खाट मात्र सांगून ठेवली आहे.

मोठ्यांची माया राहो, एवढंच मागणं.

तुझी,
बेबी