सात तुकड्यांचा ठोकळा

३, सोमवार
लेक सहावीत. गणिताचं नाव काढलं की तोंड वाकडं. पंधरा तारखेला शाळेत ‘करून बघा’ आहे. कोडी, प्रयोग, आणि प्रत्येक मुलाबरोबर घरचं एक मोठं माणूस. बाई म्हणाल्या, यातून गोडी लागली तर लागली. जाणार मीच, उघड आहे. दुसरं आहे कोण? मेव्हणा नळ जोडतो, दहावीला गणितात दोनदा आपटलाय. आजपासून रोज एक तास लेकीसाठी. निश्चय पक्का.

४, मंगळवार, संध्या. ७
मिठाच्या पाण्यात अंडं तरंगवलं. म्हणजे, तरंगलं असतं. लेक म्हणाली, मीठ मी घालू? म्हटलं, त्याला प्रमाण असतं, तू फक्त बघ. मिठाचा डबा संपला. अंडं फुटलं. बायको बरंच बोलली, त्यात विज्ञान काही नव्हतं.

६, गुरुवार
दोरीवर फुग्याचं रॉकेट. सोडायचा मान लेकीला देणार होतो, पण नेम चुकला असता. मीच सोडलं. सरळ माझ्या चष्म्यावर. फुगा उलटा चिकटवला होता बहुतेक. मग क्रिया-प्रतिक्रिया नीट समजावली. लेक आतल्या खोलीत होती, पण दार उघडं होतं.

९, रविवार
सात लाकडी तुकडे आणले. जोडून चौकोनी ठोकळा करायचा. खोक्यावर लिहिलंय, वय आठच्या पुढे. मी बेचाळीस. लेकीने हात पुढे केला. म्हटलं, थांब, आधी मी शिकतो.

११, मंगळवार
ठोकळा ऑफिसात नेला, फायलीखाली. एक तुकडा उरतोच. कारखान्याने जास्तीचा घातलाय. तक्रार करणार.

१३, गुरुवार, सकाळी ६.४०
जुळला!! शनिवारी वाटेत सुटायला नको म्हणून सुताराचा डिंक लावून पक्का केला. लेकीने ओढून पाहिला, हलवून पाहिला. म्हणाली, आता याचं करायचं काय? कदर नाही पोरीला.

१४, शुक्रवार
मेव्हणा आला, नळ्यांचे उरलेले तुकडे घेऊन. म्हणे, एका बादलीतलं पाणी दुसरीत न ओतता कसं न्यायचं, मला काही कळत नाही बाई, तूच बघ. आपल्याला येत नाही हे हा माणूस बिनदिक्कत सांगतो! लेकीने पाच वेळा चुकून सहाव्यांदा नेलं. केवढी ओरडली आनंदाने. फरशी मी पुसली.

१५, शनिवार, सकाळी ८
इस्त्रीचा शर्ट घालून निघालो, तर लेक मामाच्या स्कूटरवर. शाळेत तिने त्याचंच नाव दिलंय, गुरुवारीच. का गं, विचारलं. म्हणाली, बाबा, तू मला काही करूच देत नाहीस. मामाला येत नाही, मग मलाच करावं लागतं.
वाईट वाटलं. फार वाटलं.

दुपारी १
आली. फ्रॉक भिजलेला, बडबड थांबत नव्हती. उद्या घरी पुन्हा करणार म्हणे, मामा आणि ती. मी विचारलं, मी बसू का? तिने जरा विचार केला. म्हणाली, बस, पण हात पाठीमागे बांधून.
हो म्हणालो. लगेच.