गुडघ्याच्या वाटीवर टकटक

सोमवार, ३ मार्च
आज पुन्हा खोटं बोलले! आम्हा नव्या फिजिओंना शिकवणाऱ्या मेजर पेटिग्रूंची ती लाडकी तपासणी — रंगरुटाच्या ओटीपोटाच्या खालच्या हाडावर स्टेथोस्कोप ठेवायचा आणि गुडघ्याच्या वाटीवर बोटाने टकटक करायची. हाड अखंड असेल तर आवाज खणखणीत येतो, तडा असेल तर दबका. मी नळ्या कानात घालून गंभीरपणे मान डोलावली. ऐकू काय आलं? सकाळच्या बीन टाकोची त्याच्या पोटात चाललेली गुरगुर!

मेजर स्वतः कधी ऐकत नाहीत. "मी ऐकून तुमचा काय उपयोग?" टकटक करतात आणि आमच्याकडे बघत बसतात.

गुरुवार, ६ मार्च
पाठी सहा, घोटे चार. अमेरिकी सैन्याच्या या प्रशिक्षण तळावर रंगरूट डॉक्टरच्या आधी आम्हा फिजिओंच्याच पुढ्यात येतो. भीती वाटते.

सोमवार, १० मार्च
कोल्बी स्ट्रिकर, वय एकोणीस. धावताना जांघेत दुखतं. शुक्रवारी त्याची प्रशिक्षणाची शेवटची परेड, आई ओक्लाहोमाहून बसने येणार. "मॅडम, स्नायूच असेल ना? लिहून टाका ना तसं." हसत होता बिचारा. मी विरघळले. लिहिलं — स्नायू ताणला, धावायला हरकत नाही.

मेजरनी कागद वाचला. रागावले नाहीत. मला नळ्या कानात घालायला लावून टकटक सुरू केली. डावा पाय — खणखणीत. उजवा — कुणी उशी दाबून धरावी तसा! मी दचकले. पुन्हा ऐकलं. तेच. देवा, मला हाड ऐकू आलं!

"फाड तो कागद," मेजर म्हणाले.

कुबड्या दिल्या, एमआरआय मागवला. सही माझी.

मंगळवार, ११ मार्च
खुब्याच्या हाडाला वरच्या बाजूने तडा. काल संध्याकाळीच स्क्रू घातले. आणखी एकदा धावला असता तर हाड तुटलंच असतं, असं सर्जनबाई म्हणाल्या. परेड हुकली म्हणून कोल्बी माझ्याशी बोलत नाही. न बोलू दे. चालेल तरी.

शुक्रवार, १४ मार्च
मेजरचे आभार मानायला गेले. पाठमोरे होते. हाक मारली, वळले नाहीत. बाहेर परेडचा बँड, म्हणून दार लावून पुन्हा हाक मारली. तरी वळलेच नाहीत. आमच्या दवाखान्यातली सार्जंट रोसालेस हळूच म्हणाली, "समोर जाऊन बोल. कंदाहारच्या स्फोटापासून त्यांना जेमतेम ऐकू येतं, नळीतून तर काहीच नाही. ते तुमचे चेहरे बघतात गं."

म्हणजे ३ तारखेचं माझं खोटं त्यांना तेव्हाच कळलं होतं. आणि सोमवारचा तो आवाज त्या खोलीत फक्त मी ऐकला होता.