शिवण शिकवते

४ ऑगस्ट, मंगळवार

नोकरी लागली! मुख्याध्यापिकाबाईंचा फोन होता. सोमवारपासून या म्हणाल्या. सहावी-सातवीचं मराठी. आधी सहा महिने बघणार, मग कायम करायचं की नाही ते ठरवणार. मी नुसतं हो, हो म्हणत राहिलो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, आभार मानायचे राहिलेच.

मला का घेतलं ते कळत नाही. पाठ तर साफ फसला होता. सातवी ब वर रीती भूतकाळ शिकवून दाखवायचा होता — पूर्वी नेहमी घडायचं ते. पहिल्या बाकावरच्या मुलीला म्हटलं, रोज घडणारं काहीतरी सांग. ती म्हणाली, 'आई रोज खिडकीतून हात हलवते.' फळ्याकडे वळलो. 'आई रोज खिडकीतून हात हलवत' एवढं लिहिलं. पुढचं 'असे' लिहिता येईना. अडीच अक्षरंसुद्धा नाहीत त्यात! खडू हातात, पाठ वर्गाकडे. घंटा होईपर्यंत तसाच उभा. बाई मागे बसून बघत होत्या. खाली मान घालून घरी आलो होतो.

आईंना सांगितलं. आई म्हणजे हिच्या आई. जानेवारीत ही गेली, तेव्हापासून घरात आम्ही दोघंच — सासू आणि जावई. आई म्हणाल्या, तिला फार हवं होतं हे. बी.एड. तिनेच माझ्या मानगुटीवर बसून करून घेतलं, गोदामातली नोकरी सांभाळून. मग आई कुकर लावायला गेल्या आणि मी बुटांना पॉलिश करत बसलो. सोमवार अजून लांब आहे.

१० ऑगस्ट, सोमवार

पहिला दिवस. आता कळलं का घेतलं! स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर बाई म्हणाल्या, 'एक शब्द न बोलता सातवी ब ला गप्प करणारा माणूस मी नोकरीत पहिल्यांदा पाहिला.' म्हणजे त्यांना ती पद्धत वाटली. मी नुसताच हसलो.

माझ्या शेजारची खुर्ची चित्रकलेच्या सरांची. मनाने मोकळा माणूस, पण चौकशा फार. घरी कोण कोण असतं? म्हटलं, आई आणि बायको. मिसेस काय करतात? म्हटलं, शिवण शिकवते.

शिकवते!

तोंडातून गेलं आणि घंटा झाली. जिन्यात पोचल्यावर लक्षात आलं. परत जाऊन सांगणार होतो. काय सांगणार? 'मघाशी काळ चुकला'? आणि हा म्हणे मराठीचा मास्तर.

११ ऑगस्ट

सातवी ब गप्प बसत नाही.

१४ ऑगस्ट, शुक्रवार

मी गप्प राहिलो की ते अजिबात गप्प राहत नाहीत. बोललो की माझा आवाज तिसऱ्या बाकापर्यंत पोचतो, पुढे आटतो. मागून कुणीतरी 'पॉज, पॉज' म्हणालं आणि वर्ग हसला. मला पॉज सर म्हणतात, असं शिपाईमामांकडून कळलं. त्या पाठाच्या दिवसापासूनच म्हणे. मामा म्हणाले, 'नाव पडलं म्हणजे तुम्ही रुजलात, सर. ज्यांना नाव पडत नाही ते टिकत नाहीत.' खरं असेल का? कुणास ठाऊक.

चित्रकला सरांना सांगायचं आजही राहिलं. ते सुटीत डबा बघून म्हणाले, मिसेसचा हात चांगला दिसतो. डबा आईंनी केला होता, म्हणून 'आईंचा आहे' म्हटलं. तेवढं तरी खरं बोललो. ते म्हणाले, सासूने सुनेला सकाळच्या पारी आराम दिला म्हणजे कमाल आहे. मग उमगलं — मी आई म्हणतो, म्हणजे त्यांना माझी आई वाटते. एक गाठ सोडवायला जावं तर दुसरी!

१९ ऑगस्ट, बुधवार

आज एक विचित्र प्रकार झाला. नवा शर्ट घालून गेलो होतो. चित्रकला सर म्हणाले, कॉलर फिट्ट बसलीय. म्हटलं, हिने शिवलाय. तेही खरंच आहे, दोन वर्षांपूर्वी शिवला, घडी मोडली नव्हती. मग विज्ञानाच्या बाईंनी विचारलं, मिसेस शाळेचं काय म्हणतात? आणि मी चक्क सांगत सुटलो. म्हटलं, ती चिडवते मला — तुम्ही वर्गात बोलता तेवढं घरी बोललात तर मला रेडिओ विकता येईल. सगळे हसले. मीसुद्धा हसलो.

असं ती म्हणाली नाही, पण म्हणाली असती. शब्दन् शब्द असाच.

घरी येताना पाय हलके होते. का ते कळत नाही. म्हणजे कळतं, पण बरोबर की चूक ते कळत नाही. घरी आम्ही दोघं तिचं नाव घेत नाही. कपाटाचा तिचा कप्पा उघडत नाही. शिलाई मशीनवर चादर टाकलेली आहे आणि दोघंही वळसा घालून जातो. शाळेत मात्र ती बोलते, चिडवते, माझ्या डब्याची चौकशी करते.

सांगितलं पाहिजे. फार लांबण्याआधी.

२६ ऑगस्ट

नाही सांगितलं.

१ सप्टेंबर, मंगळवार

रीती भूतकाळाचा धडा सहामाहीला आहे, टाळता येईना. यावेळी 'असे' स्वतः लिहिलं नाही, मुलांना वाक्यं करायला सांगितली. एकाने उभं राहून वाचलं, 'पॉज सर फळ्याजवळ गप्प उभे राहत असत.' वर्ग माझ्याकडे बघू लागला. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष होतं, तसं सांगितलं. मग जे हसले ते पोट धरून, पण त्यानंतर तास बरा झाला. प्रत्येकाला आपलं वाक्य वाचायचं होतं. पहिल्यांदाच घंटा लवकर झाल्यासारखी वाटली.

शेवटी खिडकीवाल्या मुलीने हात वर केला. 'सर, एखादी गोष्ट थांबली की नाही तेच माहीत नसेल, तर कुठला काळ लिहायचा?'

उद्या सांगतो म्हटलं.

३ सप्टेंबर, गुरुवार

चित्रकला सरांच्या बायकोला शिवण शिकायचंय! म्हणाले, आम्ही रविवारी मिसेसना भेटायला येतो. सध्या क्लास बंद आहे म्हटलं. कधी सुरू होणार? बघू म्हटलं. ते म्हणाले, मग झालं तर, आमच्यापासून सुरू करा.

मी नाही म्हटलं नाही. बहुधा हो पण म्हटलं नाही. मला आता माझंच आठवत नाही.

६ सप्टेंबर, रविवार

सकाळपासून आईंना सांगायचं होतं की आज कदाचित कोणी येईल. धीर झाला नाही. दुपारी वाटलं आता येत नाहीत, म्हणून वाण्याकडे गेलो. पिशवी घेऊन परत आलो तर खालच्या दाराशीच मशीन ऐकू आलं.

आमचंच मशीन. त्याच्या पट्ट्याचा एक खट् असा आवाज आहे, दुसऱ्या कुठल्याच मशीनला नाही. जिन्यातच उभा राहिलो. एवढा शिकलेला माणूस मी! पण वर जाऊन बघायची हिंमत होईना, आणि तिथून हलायचीही. बघितलं नाही तोवर —

वर गेलो. चादर घडी करून खुर्चीवर. मशीनवर चित्रकला सरांची बायको, बिनदोऱ्याच्या सुईने वहीच्या कागदावर सरळ रेघ मारत होती. नवशिक्यांना ही असंच शिकवायची, आधी कागदावर. शेजारी आई उभ्या. 'पाय सावकाश. कागद ओढू नका, तो आपणहून जातो.' चित्रकला सर चहा पीत बसले होते. मला म्हणाले, या, तुमच्या आईंनी सुनेची गादी चालवायला घेतलीय.

त्यांची बायको निघताना म्हणाली, 'सुनेचं इतकं कौतुक करणारी सासू मी बघितली नाही हो. तासभर दुसरा विषय नाही.' आई नुसत्या हसल्या. पुढच्या रविवारी या म्हणाल्या.

दार लावलं. मग आईंनीच सांगितलं. दार उघडल्यावर त्या बाईंनी विचारलं, मिसेस आहेत का? आई म्हणाल्या, ती गेली. तर त्या म्हणाल्या, अगं बाई, थोडक्यात चुकामूक झाली, कधी येतील?

'मी खोटं नाही बोलले,' आई म्हणाल्या. 'खरं तेच सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. मग दुसऱ्यांदा सांगवेना.'

आता मला ओरडतील असं वाटलं. त्यांच्या मुलीला मी शाळेत जिवंत ठेवलं होतं, त्यांना न विचारता. निदान रडतील. पण त्या पदराला लागलेला कागदाचा कपटा काढत बसल्या. मग विचारलं, 'शाळेत ती कशी आहे?'

मी आधी समजलोच नाही. मग सांगितलं. कॉलरचं, रेडिओचं, डब्याचं सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्याहून जास्त निघालं. आई ऐकत होत्या. रेडिओला हसल्या. 'अगदी तिचंच,' म्हणाल्या.

उठताना म्हणाल्या, 'पुढच्या रविवारी त्या बाईंना काय सांगू ते मला सांगून ठेवा. मला आपलं आपण सुचायचं नाही.'

हे त्यांच्या गळ्यात घालता येणार नाही, एवढं कळतं. त्या दारात उभ्या राहून दर रविवारी काय काय सांगणार?

७ सप्टेंबर, सोमवार

सांगितलं.

चित्रकला सर ब्रश धूत होते. ऐकूनही धूतच राहिले, पाणी स्वच्छ झालं तरी. मग म्हणाले, 'म्हणजे काल त्या आई —' म्हटलं, तिच्या आई. ते स्टुलावर बसले. एकही चौकशी केली नाही. पहिल्यांदाच. मी माफी मागितली तर ओल्या हातानेच राहू द्या म्हणाले.

मग मुख्याध्यापिकाबाईंकडे गेलो. त्यांना पाठाच्या दिवसाचंही सांगून टाकलं, आता काही झाकायचं नाही म्हणून. त्यांनी चष्मा काढला. 'म्हणजे तुम्ही वर्ग शांत करत नव्हता.' नाही म्हटलं. 'मी वर तसंच कळवलंय, वर्ग नियंत्रण उत्तम.' मग विचारलं, 'आता सातवी ब गप्प बसते का?' म्हटलं, नाही. पण हल्ली पुष्कळसं मराठीबद्दल बोलतात.

त्यांनी चष्मा परत लावला. म्हणाल्या, 'राहू द्या मग.'

काय राहू द्या? नोकरी राहू द्या की हा विषय राहू द्या? विचारायचं सुचलं नाही, आणि तासाची घंटा झाली. वर्गात गेलो. तास घेतला. काय शिकवलं ते आता आठवत नाही, पण शेवटच्या बाकावरून 'सर, हळू सांगा, लिहितोय' असं कोणीतरी म्हणालं.

मोकळं वाटेल असं वाटलं होतं. तसं वाटत नाही. स्टाफरूममध्ये आज माझ्याशी सगळे हळू आवाजात बोलले. डब्याबद्दल कोणी काही म्हणालं नाही.

आईंना अजून सांगितलं नाही.

८ सप्टेंबर

जेवताना आईंनी विचारलं, शाळेत सांगितलंत का? हो म्हटलं. त्यांनी मान हलवली, मला भात वाढला. मग ताटाकडे बघत म्हणाल्या,

'म्हणजे तिथूनही गेली.'