पोरीला दुसऱ्या वर्षाला परत धाडलं

आये, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझं तोंड आठवायचं तर मला आधी तुझे हात आठवावे लागतात. हात आले की मग मागून तोंड येतं, तेही अर्धंच. इतक्या वर्षांत मी तुझ्याशी कधी बोलले नाही. मेलेल्या माणसांशी बोलत बसणाऱ्या बायका मला आवडत नाहीत. जित्या माणसांशी धड बोलता येत नाही म्हणून त्या तसं करतात. आता माझ्यावर तीच पाळी आलीय, म्हणून लिहिते. अक्षर वाकडं आहे. तिसरीत शाळा सुटलेल्या बाईचं असावं तसंच आहे, आणि ती शाळा सुटण्यात तुझा वाटा आहे.

तुला माहीत नाही असं एक माणूस माझ्या घरात आहे. माझ्या लेकाची लेक. ती रांगत होती तेव्हाच तिची आई गेली, आणि बाप टेम्पोवर असतो, आज नगर तर उद्या कोल्हापूर. म्हणून हितं किकवीत तिला मीच वाढवली. वाढवली म्हणजे काय, वेळेला जेवू घातलं, वेळेला चार शब्द सुनावले. त्यावर ती इंजिनेर झाली. चार वर्षांची पदवी हातात आली तेव्हा मला वाटलं, झालं, आता ही घरी येईल. तर म्हणाली, अजून दोन वर्षं पुण्यातच.

मी भाकरी थापत होते. म्हटलं, "अगं, इंजिनेर झालीस न्हवं एकदा? मग परत कशापायी?"

"ती खालची पदवी, आज्जी. ही वरची. एम.टेक. केमिकल इंजिनिअरिंगमध्येच."

"खालचीचं काय वाईट हुतं? दुधावर साय येती तशी वर आनि काय काढत्यात?"

ती हसली, आणि परातीतल्या पिठात बोटानं चार घरं काढली. आधी देशभराची एक परीक्षा, ती पार केली तर आत घेतात. मग दोन वर्षं, दर वर्षाची दोन घरं, त्याला सेमिस्टर म्हणायचं. पहिल्या दोन घरांत वर्ग असतात. उष्णता एकातून दुसऱ्यात कशी जाते, एक पदार्थ दुसऱ्यातून वेगळा कसा काढायचा, कारखान्याच्या मोठ्या भांड्यात रसायन किती वेळ ठेवायचं, आणि या सगळ्याचं गणित. काही विषय सगळ्यांना सक्तीचे, काही आपल्या पसंतीचे. प्रयोगशाळा वेगळी. एकदा सगळ्यांसमोर उभं राहून बोलून दाखवायचं, तो सेमिनार. प्रत्येक विषयाला क्रेडिट असतात. किती तास बसलीस, किती काम केलंस त्याचं ते माप. मापं भरली की पुढच्या घरात.

"आन ह्या मागल्या दोन घरांत?"

"त्यात वर्ग नाहीत. एकच प्रश्न घ्यायचा आणि वर्षभर त्याच्यामागं लागायचं. प्रबंध लिहायचा."

"मास्तर?"

"गाईड असतात. मधूनमधून भेटतात, काय झालं विचारतात, जातात. अधेमधे कमिटी बघते. शेवटी बाहेरगावचा परीक्षक येतो. आपण फळ्यापाशी उभं राहून सांगायचं, तो चुका काढणार."

"म्हंजी पयलं वरीस माहेर आन दुसरं सासर," मी म्हटलं. ती इतकी हसली की चहा सांडला. मग दोन आणि तीन नंबरच्या घरांमध्ये तिनं बोटानं जरा पीठ सारलं. नवीन नियमात इथून बाहेर पडता येतं म्हणाली. एक वर्ष करून थांबलं तर पूर्ण पदवी नाही मिळत, पण पदविका मिळते. मी त्यावर भाकरी थापली, आणि घरं पुसली गेली.

पहिलं वर्ष मजेत गेलं. संध्याकाळी फोन यायचा. मी सैपाक करायची आणि ती तिकडून बडबडत राहायची. कुणी गणितात आपटलं, कुणी सेमिनारला उभं राहून घाम पुसत बसलं. फोन चुलीशेजारी डब्याला टेकवलेला असायचा, आणि घरात दोघी असल्यासारखं वाटायचं. मग दुसऱ्या सेमिस्टरला प्रबंधाची तयारी सुरू झाली आणि बडबड आटली. कापड रंगवलेलं पाणी काचेच्या उभ्या नळीतून सोडायचं, नळीत भाताच्या तुसाचा कोळसा भरलेला, आणि खाली पाणी नितळ निघतं का ते बघायचं. एवढंच काम. पण पाणी नितळ निघेना. लालच्या लाल खाली यायचं. मैत्रिणी वेगवेगळ्या गाईडकडं वाटल्या गेल्या, दोघींनी लांबच्या कंपनीत प्रबंध करायचं ठरवलं. वर्ग सुटला की ही आणि ती नळी, दोघीच समोरासमोर. "आज्जी, तिथं माझ्याशी कुणी बोलतच नाही गं," एवढंच एकदा म्हणाली.

परीक्षा संपली आणि ती घरी आली. उन्हाचं, फाट्यावरून चालत, दोन्ही पिशव्या घेऊन. दोन पिशव्या बघितल्या आणि मला कळलं.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "पदविका घेते. शिवऱ्याला कंपनीत तपासणीच्या खोलीत जागा आहे. सकाळी गाडीवर जाईन, संध्याकाळी घरी. तुझ्याजवळ."

ती दारात उभी आहे, घामानं केस कपाळाला चिकटलेत, आणि मला ती दिसतच नाही. मला मी दिसते. तुझ्या झोपडीच्या दारात, आये.

वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, आपली म्हसरं, आपली चार घरं. तू मला खाली गुंजवण्याला आत्याकडं ठेवलंस, शाळेसाठी. तुझ्या मनात नव्हतं, बापाच्या होतं. वर्गातली पोरं माझ्यापासून लांब बसायची, म्हणायची हिला म्हशीचा वास येतो. येत असेल. आत्या वाईट नव्हती, पण तिच्या घरात मला कुणी नावानं हाक मारायचं नाही, "ये पोरी" म्हणायचे. एक दिवस मी पाटी तिथंच ठेवली आणि डोंगर चढायला लागले. अनवाणी. वर पोचले तेव्हा तू ताक घुसळत होतीस. मला बघितलंस, रवी तशीच सोडलीस. का आलीस म्हणून विचारलं नाहीस. पाणी तापवलंस, माझे पाय मांडीवर घेतलेस, आणि सुईनं एकेक काटा काढत बसलीस. लोण्याचा गोळा भाकरीवर ठेवलास. बाप आला, म्हणाला, "सकाळी सोडून येतो हिला." तू मान वर न करता म्हणालीस, "ऱ्हाऊ द्या. माझ्या डोळ्याम्होरं ऱ्हाईल."

आणि राहिले. तुझ्या डोळ्यांसमोर राहिले आणि मग कुणाच्याच डोळ्यांत भरले नाही. सासरी आल्यावर अंगणवाडीत मदतनीस लागले. खिचडी शिजवायची, पोरं गोळा करायची, त्यांची ढुंगणं धुवायची. सेविकेची जागा रिकामी झाली की मी विचारायची, आणि साहेबीण विचारायची, "शिक्षण?" माझ्या लेकाच्या वयाच्या पोरी सेविका होऊन आल्या. कुठल्या घरात पोर आजारी आहे ते मी त्यांना सांगायचं, आणि त्यांनी मला सांगायचं, "मावशी, फरशी पुसा." पुसली. मी म्हातारी होईस्तोवर पुसली. दर वेळी फडकं पिळताना मला तू आठवायचीस, आये, आणि चांगली आठवायची नाहीस. वाटायचं, हिनं त्या दिवशी दोन रट्टे देऊन खाली धाडायला हवं होतं.

म्हणून पोरगी दारात होती तरी मी उठले नाही. तांदूळ निवडत होते, ते निवडत राहिले.

"तुला घरी कुनी बोलावलंय?" मी म्हटलं.

तिला वाटलं मी चेष्टा करतेय. पिशव्या ठेवायला लागली. "आज्जी, तुलाही एकटीला जड जातं. मला कळत नाही का?"

"कुनी सांगितलं? तू नसलीस तर हितं दूध नासत न्हाई. उलट भांडी कमी पडत्यात घासायला."

"माझं तिथं काहीच होत नाहीये. सगळं लाल खाली येतंय."

"मग हितं येऊन पांढरं हुनार हाय का?"

तिनं ठेवलेली पिशवी परत हातात घेतली. मग हळूच म्हणाली, "तुला मी नकोय का?"

मला तिथं गोड बोलता आलं असतं. जा बाळा, शीक बाळा, असं. पण मला ही पोरगी माहीत आहे. गोड बोलले असते तर ती माझ्या गळ्यात पडली असती, आणि मग मी तिला सोडलं नसतं. म्हणून मी सुपातून मान वर न करता म्हटलं, "न्हाई. आता न्हाई."

ती दुपारच्याच एसटीनं गेली. पाणीसुद्धा प्याली नाही. मी फाट्यावर गेले नाही, दाराशीही आले नाही. तांदूळ निवडून झाले होते, तेच परत निवडले.

तिनं तिसऱ्या सेमिस्टरला नाव घातलं. तेवढं कळवायला फोन आला. आता फोन येतो, पण आठवड्यानं, आणि कामापुरता. गाईड म्हणाले म्हणून कोळसा जास्त भाजून बघितला, पाणी आता गुलाबी येतंय. कमिटीनं चालू ठेव म्हणून सांगितलं. "जेवलीस का?" मी विचारते. "हो." "गौरीला येनार?" "नाही जमणार, नळी बंद ठेवता येत नाही. फोन ठेवते मी." फोन मी अजून डब्यालाच टेकवते, पण भाजीला फोडणी पडायच्या आत तो बंद होतो. लेकाला मी काही सांगितलेलं नाही. तो म्हणतो, "आय, पोरगी लई शानी निघाली, कशी झपाटल्यावानी लागलीय अभ्यासाला." मी म्हणते, "व्हय."

तिचं बरं होईल, आये. तो बाहेरगावचा परीक्षक येईल, ती फळ्यापाशी उभी राहील, आणि कुणी तिला फरशी पूस म्हणणार नाही. मी केलं ते बरोबरच केलं. उद्या परत दारात आली तर परत तेच करीन.

हे लिहून झालं, आता कुठं धाडू? तुला वाचता येत नव्हतं. आणि जिला येतं तिच्या हातात हे पडलं तर ती पहिल्या एसटीनं घरी येईल. तेव्हा चुलीतच जाईल हे. पण जाळायच्या आधी तुला एक सांगून टाकते, कारण तुला आयुष्यभर बोल लावले आणि हे कधी बोलले नाही. त्या दिवशी तू माझे पाय मांडीवर घेऊन बसली होतीस ना, तेवढ्या सुखात मी पुन्हा कधी नव्हते. लग्नात नाही, लेक झाला तेव्हा नाही. पोरगी माझ्याकडं तेवढंच मागायला आली होती.