दुपारच्या भाकरीची गोळी

आई, तुला जाऊन बारा वर्षं झाली. तुला वाचता येत नव्हतं, म्हणजे तू असतीस तरी हे मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. ते मला जमलं नसतं.

पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आता काही उपाय नाही, घरी न्या. सिस्टर तुझ्या खाटेवर येऊन बसल्या. घड्याळ तुझ्या कामाचं नाही हे त्यांनी ओळखलं होतं. "मावशी, गुरं कधी सोडता?" तू हसलीस. "दिस कासराभर वर आला की." मग त्यांनी दुखण्याच्या गोळ्या तुझ्या दिवसाला बांधून दिल्या. एक गुरं सुटताना, एक दुपारच्या भाकरीला, एक दिवेलागणीला, एक निजताना. निघताना दारात मला म्हणाल्या, "दादा, दुखायची वाट बघू नका. त्या बऱ्या होणार नाहीत, पण कळवळू नयेत एवढं आपल्या हातात आहे."

आपण गावी, मढला आल्यावर सिस्टर एकाआड एक दिवस फोन करायच्या. गोळी घेतलीस की तू शांत झोपायचीस, आणि मला त्या गोळीचा राग यायचा. सगळं आयुष्य चाकणच्या कंपनीत गेलं, घरी आलो तो सणाला. आता राहायला आलो, तर तू झोपलेली.

त्या दुपारी तू तुझ्या माहेरचं काहीतरी सांगत होतीस. भाकरी झाली होती, गोळी माझ्या मुठीत होती. तू मधेच थांबलीस. "दी ना रं गोळी. लई कळ येती."

"देतो, आई. एवढं सांगून होऊ दे."

तू सांगत राहिलीस. माझ्यासाठी. ऊन ओट्यावरून उतरेपर्यंत मी मूठ उघडली नाही. तेवढ्यात सिस्टरचा फोन आला. "दुपारची दिली ना?"

"दिली," मी म्हणालो. तू माझ्याकडे पाहिलंस. चौथ्या दिवशी तू गेलीस.

सिस्टरना खरं सांगायला मी दोनदा दवाखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन परत आलो. हा कागदही त्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत घालून ठेवणार आहे. आई, त्या दुपारी खाटेची कड घट्ट धरलेली तुझी बोटं मला रोज दिसतात. पण तू काय सांगत होतीस, ते मला आठवत नाही.