दादाच्या मरणाचं कारण

४ जून
दादाचा दहावा उरकून माहेराहून, माकणीहून आले. थोरला भाऊ गेला, वय अठ्ठेचाळीस. छातीत दुखतंय म्हणला, तर शेजारगावच्या डॉक्टरनं गॅसचं इंजेक्शन ठोकलं. तीन तास सोडा पीत बसला. मग जीप, सोलापूरची वाट. नळदुर्गच्या अलीकडंच संपला.
धाकट्या भावाला, आण्णाला, पुण्यात हेच झालं होतं. लगेच ईसीजी, लगेच आत घेतला. आता रोज फिरायला जातो. एकाच आईची लेकरं! तळपायाची आग मस्तकात जाते.

९ जून
आम्हा आशा कार्यकर्तींची मीटिंग, तालुक्याला. आरोग्य खात्याचे साहेब म्हणले, आपल्याकडं अटॅकनं मरणारे कमी, दरसाल कमीच होत चाललेत. पुण्या-मुंबईकडं जास्त. इथली माणसं कष्टाची, भाकरी खाणारी. वर टाळ्या. भाकरी म्हणे!
उठून बोलायचं होतं. नाही उठले.

१० जून
गावातल्या मयतांची माझी वही काढली, कारणाचा रकाना वाचला. वार्धक्य. वार्धक्य. अचानक. कोंडिबा मामा छाती धरून बांधावर पडले, वय पंचावन्न, तेबी वार्धक्य. अक्षर माझंच. लोक म्हणायचे, फाडाफाडी नको ताई, साधंच लिहा. मीबी लिहीत गेले. साहेबाला शिव्या कुठल्या तोंडानं देऊ? तरी देणार.

१४ जून
माकणी. दादाच्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण 'नैसर्गिक'. आईनंच सांगितलेलं. लेकराला कापू दिलं नसतं म्हणती.
वहिनीला म्हणलं, अर्ज करू, खरं कारण लावू. कागदावर कुणी अटॅकनं मरतच नाही, तर ईसीजीचं मशीन कोण देईल इथं?
"वन्सं, लिहून ते परत येणारंत का?"
म्हणलं, "न्हाय येणार. पण त्याच आईची मीबी हाय, आणि मी पुण्यात ऱ्हात न्हाय."
वहिनीनं अर्जावर सही केली.

२० जून
दाखल्याच्या ऑफिसात म्हणले, शेवटी बघितलेल्या डॉक्टरचं लिहून आणा. म्हणजे त्याच गॅसवाल्याचं. गेले. दोन तास बाकड्यावर.
म्हणतो, "ईसीजीचं मशीन न्हाय माझ्याकडं. अटॅक होता हे कशावरून लिहू?"
मशीन न्हाय म्हणून अटॅक न्हाय, अटॅक न्हाय म्हणून मशीन न्हाय. अर्ज त्याच्या टेबलावर आपटून आले.
सोमवारी परत जाणार, आईला घेऊन. तिच्या तोंडावर सांग म्हणावं, गॅसनं गेला म्हणून. आईला फोन केला. येते म्हणली नाही. नकोबी म्हणली नाही.