उभ्याने खाल्लेलं

प्रिय बारक्या,

आधी हे सांगते की मी ठीक आहे, नाहीतर पाकीट बघूनच तुझा जीव खालीवर व्हायचा. रोज फोनवर बोलणारी बहीण एकाएकी पत्र लिहिते म्हणजे तिला वेड तरी लागलं असेल किंवा फोन तरी पाण्यात पडला असेल, असं तू बायकोला म्हणशील. तसं काही नाही. फोनवर तू विचारतोस, "ताई, जेवलीस का?" मी म्हणते, "हो रे, मोजकंच," आणि पुढचं सगळं सांगायचं राहून जातं. म्हणून आज लिहायला बसले. दुकानाला सुट्टी आहे. समोरच्या इमारतीत कुणीतरी कधीपासून भिंतीत खिळा ठोकतंय आणि तो काही आत जात नाहीये. बसले म्हटलं खरं, पण एवढ्या ओळी लिहिताना दोनदा उठले. एकदा गॅस बंद केलाय का ते बघायला आणि एकदा उगाचच. आई म्हणायची तेच खरं, माझ्या पायाला भिंगरी आहे. पण खाऊच्या कपाटापाशी जाऊन काही न घेता परत आले, हे तुला सांगून ठेवते.

परवा दुकानात एका लग्नाचा चार मजली केक होता. मालकांना हल्ली मोठं काम माझ्याच हातून हवं असतं, तब्येत बरी नाही म्हणून मला उंच स्टूल दिलंय, पण स्टुलावर मी टेकले तर शपथ. तुला माझ्या कामातलं एक सांगते. केक भट्टीतून निघतो तेव्हा त्याच्या डोक्यावर टेंगूळ आलेलं असतं. ते सुरीने कापून सपाट केल्याशिवाय वरचा थर नीट बसत नाही. हे जे कापून निघतं त्याला आम्ही कातरण म्हणतो, शिंप्याकडे असते ना, तशी. कातरण विकत नाहीत, तिचा हिशोब कुणी ठेवत नाही, ती टेबलाच्या कडेला गरम गरम पडलेली असते आणि तोंडात टाकायला दोन बोटं पुरतात. इतकी वर्षं या कामात गेली, पण कातरण खाल्ली असं मी कधी कुणाला म्हटलेलं नाही. चव बघितली, म्हणते. एप्रनची नाडी मागे पुरेना, तरी मी आपली चवच बघत होते.

आणि खरं सांगू का, हे शास्त्र तू शोधून काढलंस. आठवतंय? आईचा नियम होता की ताटात पडलं की प्रार्थना, त्याशिवाय घास उचलायचा नाही. तिची प्रार्थना कुठल्या पुस्तकातली नव्हती, तिची तिनेच केलेली होती: "प्रभू, ताटात आहे तेवढं पुरे कर, आणि पुरे झालं की आम्हाला कळू दे." पुढे आजारी लोकांची नावं, शेजाऱ्यांची नावं, आणि जेवण थंडगार. तू एक डोळा उघडा ठेवून माझ्या ताटातला तुकडा मोठा आहे का ते बघायचास. एकदा तू आईला विचारलंस की ओट्यापाशी उभं राहून काही तोंडात टाकलं तर प्रार्थना करावी लागते का. तिचे हात पिठात होते, ती वैतागून म्हणाली, "नाही लागत, जा आता." झालं. त्या दिवशी तू मला गच्चीवर नेऊन गंभीर चेहऱ्याने सांगितलंस, "उभ्याने खाल्लेलं देवाला दिसत नाही." पोट दुखेपर्यंत हसलो होतो आपण. तू मोठा झालास आणि ते विसरून गेलास. मी मात्र त्यावर संसार थाटला. ताटात घेतलेलं मी मोजून खाते, प्रार्थना करून खाते, चार लोकांत दुसऱ्यांदा वाढून घेत नाही. जे काही चालतं ते सगळं उभ्याने. डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजराला लोक हसतात, पण बिचारं मांजर निदान आधी प्रार्थना तरी म्हणत नाही.

डॉक्टरीणबाईंनी आपल्या दोघांना समोर बसवून सांगितलं, तेव्हापासूनचं बोलते. माझ्या किडन्या थकल्यात, मशीनवर जायची वेळ येण्याच्या आत दुसरी बसवता आली तर उत्तम, पण साखर ताब्यात राहिली नाही तर नवीही त्याच वाटेने जाईल, असं त्या म्हणाल्या. मी तेव्हा खरोखर घाबरले होते. आपल्या पाळकांच्या बायकोने घरी येऊन माझा हात हातात घेतला आणि समजावलं की पश्चात्ताप म्हणजे रडणं नव्हे, ज्या दिशेला तोंड आहे तिकडून ते फिरवणं. मी म्हटलं, माझ्या बाबतीत तर सगळा घोळ तोंडाचाच आहे. ती हसली, मग आम्ही दोघींनी बसून प्रार्थना केली आणि मी मनापासून मागितलं, की प्रभू, ही जीभ तुझ्या हातात घे, माझ्या हातात ती राहत नाही. आणि ऐक, ते घडलं. केकचा वास यायचा आणि निघून जायचा. कातरण मी स्वतःच्या हाताने डब्यात भरून बाजूला ठेवायचे. इतकं हलकं मला लग्नाच्या वयातही वाटलं नव्हतं. ते दिवस खरे होते, ते खोटे होते असं मी कुणाला म्हणू देणार नाही, तुलाही नाही.

त्याच भरात मी बुधवारच्या प्रार्थनासभेत साक्ष द्यायला उभी राहिले. प्रभूने मला जिभेच्या गुलामीतून सोडवलं, आता मी मोकळी आहे, असं सगळ्यांसमोर सांगितलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, दुसरं काय. जरा थांबायला काय झालं होतं मला? लोकांनी हालेलूया म्हटलं, म्हाताऱ्या बायकांनी मिठ्या मारल्या. तू मला घरी न्यायला आला होतास आणि शेवटच्या बाकावर शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होतास. परत येताना तू स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतलीस, मागे वळलासही नाहीस, आणि म्हणालास, "ताई, माझी घे. आता मला भीती नाही वाटत." बारक्या, मी तेव्हा तुझ्या पाठीला डोकं टेकून रडले. ते रडणंसुद्धा खरं होतं.

त्याच आठवड्यात ती साक्ष खोटी झाली. तुला वाटेल काहीतरी घडलं असेल. काही घडलं नाही. मला दुःख नव्हतं, भूक नव्हती, कुणी टाकून बोललं नव्हतं. दुपार होती, हात रिकामे होते आणि कातरण समोर होती. एक तुकडा, मग उरलेल्याची कड सरळ करायला दुसरा. दुसऱ्या दिवशी मी ठरवलं की आजपासून नाही, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा ठरवलं. आता मी सकाळी गुडघ्यावर बसून आत्मसंयमन मागते आणि दुपारी टेबलाशी उभी राहून ते परत करते. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. जास्त खाणं झालं की इन्सुलिनच्या इंजेक्शनमध्ये थोडं जास्त भरायचं, साखरेचे आकडे सरळ दिसतात. रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाईंनी माझी पाठ थोपटली तेव्हा जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. त्यात सभेतल्या बायका माझ्याकडे येतात. नवऱ्याची दारू सुटावी, मुलाच्या हातातला फोन सुटावा, तुम्हाला जमलं ना, आमच्यासाठी मागा. मी डोक्यावर पदर घेऊन त्यांच्यासाठी मागते. एखादीचं झालंही बरं का. देवाचा विनोद कधीकधी मला सहन होत नाही.

आता तुझ्या बायकोबद्दल. त्या दिवशी तुमच्याकडून निघताना मी दारात चपला घालत होते आणि ती आत तुला म्हणाली, "त्यांना स्वतःचं तोंड आवरत नाही. उद्या तुमची किडनीही खाऊन बसतील." ते माझ्या जिव्हारी लागलं. मी घरी येऊन तुला फोन केला आणि तुझी बायको कशी दगड आहे, मला मारायला निघाली आहे, असं काय काय बोलले. तू तिच्याशी अबोला धरलास. अजून धड बोलत नाही, हे मला छोटीकडून कळतं. ती पोर फोनवर मला म्हणते, "आत्या, बाबा आईला 'मीठ दे' पण माझ्याकडून सांगतात." तर ऐक. त्या दिवशी छोटीचं नाक पुसायला तुझ्या बायकोने माझ्या पर्समधून रुमाल काढला होता. रुमालाला केकचा चुरा होता. माझ्याकडे बघून तिने तो झटकला आणि छोटीचं नाक पुसलं. तिला माहीत होतं, तिला माहीत आहे हे मला माहीत होतं, तरी मी तुला फोन केला. दिवसभर शिडीवर चढून वायरी ओढणारा तिचा नवरा आहे, त्याच्या अंगाला कुणी सुरी लावणार असेल तर तिने विचारायचं नाही तर कुणी विचारायचं? तू आधी आत जा आणि तिच्याशी बोल. पत्र पुढे वाचायला मग ये.

गेलास का? बरं. परवाचा तो चार मजली केक. मी थर कापले आणि कातरण समोर आली. मला एकदम चीड आली, स्वतःची, त्या गोड वासाची, सगळ्याचीच. म्हटलं, खायचंच आहे ना, मग निदान माणसासारखं प्रार्थना करून खाऊ. तुकडा हातात घेतला, डोळे मिटले आणि आईची प्रार्थना सुरू केली. "प्रभू, ताटात आहे तेवढं..." आणि ताट कुठे होतं? पुढचा शब्द फुटेना. आभार मानायचा प्रयत्न केला तर तेही जमेना. आयुष्यात शिळ्या तुकड्यासाठीसुद्धा मी देवाचे आभार मानलेत आणि या ताज्या, गरम, फुकटच्या तुकड्यासाठी मानता येईनात. मालकांनी विचारलं, चक्कर येतेय का. मी म्हटलं, नाही, गोडी बघतेय. मग मी तो खाल्ला. हो, खाल्ला. तुला वाटलं असेल मी टाकून दिला आणि देवदूत गायले, तर तसं झालं नाही. पण खाताना पहिल्यांदाच मला कळलं की मी चव बघत नाहीये, खातेय. घरी आल्यावर आईच्या प्रार्थनेचा दुसरा अर्धा भाग आठवला. तो आपण दोघंही हसण्यावारी न्यायचो. पुरे झालं की कळू दे. लहानपणी वाटायचं, पोट भरलेलं कळायला देव कशाला हवा? आता वाटतं, त्या बाईलाही कळत नसावं. तीही ओट्यापाशी बराच वेळ एकटी असायची.

सोमवारी तू आणि मी डॉक्टरीणबाईंसमोर बसणार आहोत आणि तू किडनी द्यायच्या कागदावर सही करणार आहेस. म्हणून हे लिहिलं, तू ते रविवारच्या आत वाचावंस म्हणून. सोमवारी मी येणार आहे, पण तू सही करायच्या आधी मी बोलणार, कातरण, इंजेक्शन, सगळं. त्यांना थांबायला सांगायचं असेल तर थांबू. कदाचित मधल्या काळात मशीनवरही जावं लागेल. आणि बुधवारी सभेत पुन्हा उभी राहून मी माझी साक्ष परत घेणार आहे. लोक काय म्हणतील, ते मी आत्तापासूनच मनात म्हणून बघतेय. तुझं मन मोठं आहे म्हणून तू म्हणशील, "असू दे ताई, तरी घे." तसं पटकन म्हणू नकोस. माझ्यावर उपकार कर आणि बायकोला विचारून म्हण. मी काही थोर होऊन नको म्हणत नाहीये. मला जगायचंय रे, फार जगायचंय, छोटीच्या लग्नाचा केक मला करायचाय. पण तुझ्या अंगातला तुकडा मी कातरणीसारखा उभ्याने तोंडात टाकणार नाही. घेतला तर ताटात घेईन, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आणि ज्याने दिला त्याचे आभार मानता येतील असं तोंड असलं तरच घेईन. ते तोंड अजून मिळालेलं नाही. रोज मागतेय, तूही माग. खिळा ठोकणारा थांबलाय आता, त्याचा खिळा गेला असावा आत. मघापासून मी एकदाही उठलेली नाही. टेबलावर आईचं ते जुनं ताट ठेवलंय, रिकामंच, आणि हे सगळं त्याच्यासमोर बसून लिहिलंय, म्हणजे देवाला दिसेल.

उठून पाकीट चिकटवायलाही धीर होत नसलेली, तुझीच,
ताई